एकशे बारा अंश

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि शेजारचं लाउडस्पीकर दुरुस्तीचं दुकान यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत आहे. भिंत कसली, नुसता आडपडदा. तिकडे त्या दुकानाचा मालक शिंकला की इकडे माझ्या चिमट्यातलं चाक सटकतं. पंचवीस वर्षं मी हे सोसतोय. त्यात त्याचा धंदा चुंबकांचा, आणि माझ्या धंद्याचा चुंबक हा उघड वैरी. मनगटी घड्याळातल्या केसासारख्या स्प्रिंगला चुंबक लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळायला लागतं. मग गिऱ्हाईक येऊन माझ्या नावाने खडे फोडतं. म्हणून माझ्या टेबलावर बटणाएवढं एक होकायंत्र कायम असतं. घड्याळ त्याच्याजवळ नेलं आणि सुई हलली, की समजायचं काय ते.

दुकान घेतलं तेव्हाच मी त्याला बजावलं होतं, भिंतीपासून दोन हात अंतरात चुंबक ठेवायचं नाही. त्याने मान डोलावली आणि पंचवीस वर्षं तो शब्द पाळला. त्याला सगळे भोंगा म्हणतात. दिवसाला दहा वाक्यं बोलणाऱ्या माणसाला हे नाव ज्याने ठेवलं त्याला मी मानतो. ‘तपासून देतो’ हे त्या दहांपैकी सहा वेळा येतं. स्पीकरचा फाटका कागद चिकटवला की तो अंगठ्याने हळूच दाबून घासतोय का ऐकतो, पुन्हा ऐकतो, गिऱ्हाईक पैसे काढून उभं असताना तिसऱ्यांदा ऐकतो. दिलेली वस्तू त्याच्याकडे परत आलेली मी पाहिलेली नाही, पण वेळेवर दिलेलीही पाहिलेली नाही.

दुकानाच्या माडीवर दोन खोल्यांत तो आणि त्याची थोरली बहीण राहतात. तिला मीही ताईच म्हणतो. ताई समोरच्या मैदानापलीकडे बाइंडिंगच्या कारखान्यात वह्या-पुस्तकं शिवतात. तीस वर्षं झाली. गेल्या आठ वर्षांत त्यांची नजर गेली. आधी कडा गेल्या, मग मधलंही गेलं. नोकरी मात्र टिकली, कारण फर्म्याची, म्हणजे छापील कागदाची, घडी आणि सुईचा टाका त्यांच्या बोटांना पाठ आहे. मालक म्हणतात, डोळस बायकांपेक्षा यांची शिवण सरळ. अडचण होती ती कारखान्यापर्यंत पोचायची. मैदान ओलांडायला दोनशे चाळीस पावलं, आणि त्यात भिंत नाही, कठडा नाही, पायवाट नाही. पांढरी काठी खड्डा सांगते, दगड सांगते, पण आपण सरळ चाललोय की तिरपे, हे तिला काय ठाऊक? डोळे मिटून कोणीही चालून बघावं, पन्नास पावलांत माणूस वाकडा जातो. डावीकडे गेलं तर ट्रक धुवायची जागा, उजवीकडे गेलं तर मोठा रस्ता.

म्हणून रोज सकाळी नऊला भोंगा ताईंचा हात आपल्या कोपरात घेऊन निघायचा आणि साडेपाचला आणायला जायचा. आठ वर्षांत एक दिवस चुकला नाही. ताप असला तरी जायचा. दोघं बोलत जाताना मला दुकानातून दिसायचं. म्हणजे ताई बोलायच्या. दिवसाची दहा वाक्यं तो बहुधा तिथेच खर्च करत असावा.

ताईंना ते नको होतं. एकदा त्या मला म्हणाल्या, “मी त्याच्या दंडावरची पिशवी झालेय हो. आठ वर्षांत मी एकदाही वाटेत थांबले नाही. थांबावंसं वाटलं की त्याला कारण सांगावं लागतं.”

मध्ये त्याने एक उपाय करून पाहिला. कारखान्याच्या फाटकावर छोटा स्पीकर लावला आणि त्यातून टिकटिक आवाज सोडला, म्हणजे ताईंनी आवाजाच्या रोखाने यावं. ट्रकच्या घरघरीत तो अर्ध्या मैदानापर्यंतही पोचेना. त्याने आवाज वाढवला, तर आसपासच्या लोकांनी आठवड्यात तो उतरवायला लावला. त्यानंतर कारखान्यावरची एक खोली रिकामी व्हायची वेळ आली. मालकांनी ताईंना विचारलं, राहायलाच या, जिना उतरला की काम. महिनाअखेर कळवा. ताई घरी येऊन म्हणाल्या, “घेते मी ती खोली.” दुसऱ्या दिवशी भोंग्याने एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा स्पीकर देऊन टाकला, यावरून मी काय ते ओळखलं.

त्याच सुमारास त्याच्याकडे तो सेन्सर आला. सुटे भाग विकणाऱ्या बाईंनी सुचवलं होतं, चुंबकांची ताकद मोजायला घ्या म्हणून. नखाएवढी निळी पट्टी, तिच्यावर तांदळाएवढा काळा चौकोन. तीन अक्षांचा चुंबकीय सेन्सर. होकायंत्राची सुई नुसती आडवी फिरते. हा मात्र पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली असे तिन्हीकडचे आकडे वेगवेगळे देतो. स्पीकरच्या चुंबकाजवळ नेला तर आकडा टोकाला जाऊन अडकला, म्हणजे त्याच्या कामाला तो निरुपयोगीच. वैतागून तो सेन्सर घेऊन भोंगा मैदानात गेला. जवळपास चुंबक नाही, लोखंड नाही, तरी पट्टी आकडे दाखवतेच. एकूण जोर चाळीसच्या आसपास, आणि पट्टी फिरवली की तिन्ही आकडे बदलतात. तो धावत माझ्या दुकानात आला. “अरे, हे जमिनीचं आहे,” तो म्हणाला. “पृथ्वीचं!” इतका उत्साह मी त्याच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. मी म्हणालो, “माझं होकायंत्र पंचवीस वर्षं तेच सांगतंय.” त्याला ते ऐकू गेलं नसावं.

दहा-बारा दिवस तो त्या पट्टीच्या मागे लागला. एक कमरेचा कापडी पट्टा घेतला. पाठीच्या बाजूला काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी, आत सेन्सर, हिशोब करणारी छोटी चिप आणि बॅटरी. पट्ट्याच्या डाव्या आणि उजव्या टोकाला मोबाइलमध्ये थरथरते तसली एकेक मोटार. मोटारीत चुंबक असतं हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती, म्हणून त्या त्याने हातभर लांब ठेवल्या. दुकानापासून कारखान्याचं फाटक उत्तरेपासून मोजून एकशे बारा अंशावर, परतताना दोनशे ब्याण्णव. दोन्ही आकडे आत भरले आणि जाण्या-येण्याचं एक बटण ठेवलं. डावी मोटार थरथरली म्हणजे डावीकडे गेलोय समजायचं, की डावीकडे वळायचं, यावर बहीणभावात दोन दिवस वाद झाला. ताईंनी निकाल दिला, “थरथरेल तिकडे वळायचं. चूक सांगू नकोस, वाट सांग.”

पहिल्या रविवारी पाहिलं तर ताई सरळ ट्रक धुवायच्या पाण्यात. “छान,” त्या म्हणाल्या, “आंघोळ राहिलीच होती.” भोंग्याने आठवडाभर तारा बदलल्या, मोटारी बदलल्या. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. लोकांच्या भानगडीत पडायची मला सवय नाही, पण चुकीचं यंत्र शेजारी आहे म्हटलं की माझ्या हाताला खाज सुटते. मी विचारलं, “हे जुळवलंस कसं?” त्याने सांगितलं. सेन्सर सगळीकडे गरागरा फिरवायचा, प्रत्येक अक्षाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा टिपायचा आणि दोघांचा मध्य शून्य धरायचा. म्हणजे डबीतल्याच बॅटरीचा, लोखंडाचा परिणाम वजा होतो.

“कुठे फिरवलास?”

“कुठे म्हणजे? बाकावर. स्पीकर सगळे बाजूला केले होते.”

मी माझं होकायंत्र नेऊन त्याच्या बाकावर ठेवलं. सुईने उत्तरेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती बाकाच्या खणाकडे तोंड करून थरथरत उभी राहिली. खण उघडला तर आत फुटक्या स्पीकरांची पंचवीस वर्षांची चुंबकं, एकमेकांना चिकटून बसलेली. डबीतलं लोखंड डबीबरोबर फिरतं, म्हणून वजा करता येतं. खणातलं फिरत नाही. या गृहस्थाने पृथ्वी जुळवायला जगातली सर्वांत वाईट जागा निवडली होती, कारण तो कुठलंही काम तिथेच करत आला होता. मी त्याला हे जरा चढ्या आवाजातच सांगितलं. तो खणाकडे बघत राहिला.

मग आम्ही मैदानाच्या मधोमध गेलो. त्याने खिशातल्या किल्ल्या आणि पक्कड माझ्याकडे दिली आणि डबी हातात घेऊन उलटी, सुलटी, आडवी, उभी अशी दहा मिनिटं फिरवली. ट्रकवाले हातातले पाइप सोडून बघत होते. एकाने विचारलं, “काय, कणीस भाजलं का?” पण त्या संध्याकाळी ताई आल्या-गेल्या आणि दोन्ही वेळा फाटकापासून चार-पाच पावलांच्या आत पोचल्या.

महिना संपायला चार दिवस होते. ताईंनी अट घातली. “तीन दिवस मी एकटी जाणार. तू मागे यायचं नाहीस. जमलं तर मालकांना नाही म्हणून कळवते. नाही जमलं तर खोली घेते आणि त्यावर कुरकुर ऐकून घेणार नाही.” त्याने मान डोलावली. माझ्यासमोर.

पहिल्या दिवशी ताई गेल्या आणि पोचल्या. दुसऱ्या दिवशी मैदानाच्या मध्यापर्यंत ठीक चालल्या, मग उजवीकडे झुकत गेल्या. पट्टा त्यांना उजवीकडे वळायला सांगत होता आणि त्या विश्वासाने वळत होत्या. मोठ्या रस्त्याच्या कडेला त्यांचं पाऊल पडलं तेव्हा पाण्याच्या टँकरने भोंगा वाजवला, आणि माझ्या शेजारच्या भोंग्याने मागून येऊन त्यांचा दंड धरला. तो सुरुवातीपासून ट्रकांच्या आडोशाने तीस पावलं मागे होता. रबरी चपला घालून, आवाज न करता.

मी दुकान तसंच टाकून तिथे पोचलो. ताई रागाने लाल झाल्या होत्या. टँकरचं त्यांना काही वाटलं नसावं.

“तू मागे होतास?”

“हो.”

“काल?”

त्याने त्यांचा दंड सोडला.

“कालपण होतास. म्हणजे काल मी एकटी गेलेच नव्हते,” ताई म्हणाल्या. “रात्री जेवताना मी तुला सगळं सांगितलं. कुठे थांबले, कसला वास आला. तू ‘हो का, हो का’ करत ऐकलंस.”

त्या दिवशी त्यांना फाटकापर्यंत मी पोचवलं. त्यांनी माझा हातही धरला नाही. माझ्या पावलांच्या आवाजाने चालल्या. मला भोंग्याचा संताप आला होता. शब्द मोडला म्हणून नव्हे. पंचवीस वर्षं माझ्या भिंतीचा शब्द पाळणाऱ्याला बहिणीचा पाळता येऊ नये, म्हणून.

संध्याकाळी तो एका सभागृहात स्पीकर बसवायला गेला होता. ताईंना कारखान्यातल्या एका बाईंनी माझ्या दारात आणून सोडलं. त्या स्टुलावर बसल्या, कमरेचा पट्टा सोडला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

“घड्याळवाले, एक सांगा. रविवारी हे बरोबर चाललं. काल बरोबर चाललं. आज बिघडलं. काल संध्याकाळी त्याने हे उघडलं होतं. मला स्क्रू फिरल्याचा आवाज आला. मी विचारलं तर म्हणाला, काही नाही, तपासून देतो.”

डबीच्या चार कोपऱ्यांत चार लोखंडी स्क्रू होते, सेन्सरपासून बोटभरही लांब नाहीत. मी होकायंत्र जवळ नेलं. पहिल्या स्क्रूकडे सुईने तोंड केलं, दुसऱ्याकडे शेपूट, तिसऱ्याकडे पुन्हा तोंड. आता मला सगळा प्रकार कळला. भोंग्याचा पेचकस चुंबक लावलेला असतो. स्क्रू टोकाला चिकटून राहावा, स्पीकरच्या पोटात पडू नये म्हणून. प्रत्येक वेळी तपासताना तो त्या चार स्क्रूंना नवं चुंबक लावत होता. आदल्या दिवशी जुळवलेलं सगळं दुसऱ्या दिवशी खोटं ठरत होतं. मी हे ताईंना सांगितलं.

त्यांनी डबी चाचपून पाहिली. मग म्हणाल्या, “म्हणजे त्याने हात लावला नसता तर नीट चाललं असतं.”

“हो.”

“तुमच्याकडे दुसरे स्क्रू आहेत?”

घड्याळजीकडे पितळी स्क्रू नसतील तर कोणाकडे असतील? पितळेला चुंबक लागत नाही. मी माझ्या पितळी पेचकसाने जुने काढले आणि नवे बसवले. मग ताईंना मैदानात घेऊन गेलो आणि त्यांनी सांगितलं तशी डबी दहा मिनिटं फिरवली. मलाही कोणीतरी विचारलंच, भाजलं का. ताईंनी पट्टा बांधला. “फाटकाशी जाऊन उभे राहा, आणि मी येताना माझ्याकडे बघू नका,” त्या म्हणाल्या. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिलो. तीन मिनिटं आणि चाळीस सेकंदांनी काठी फाटकाच्या लोखंडावर वाजली.

परत आल्यावर ताईंनी डबी पुन्हा माझ्यापुढे धरली. “आता या स्क्रूंच्या खाचा घासून टाका. उघडताच येऊ नये.”

मी घुटमळलो. उघडता न येणारी वस्तू करणं आमच्या धंद्यात पाप समजतात. शिवाय बॅटरी बाहेरून भरता येत असली, तरी उद्या आत काही बिघडलं तर डबी फोडावी लागणार. मी तसं म्हटलं.

“बिघडलं तर फोडू,” त्या म्हणाल्या. “पण बिघडेपर्यंत ते माझं असू दे.”

मी कानस घेतली आणि चारही खाचा सपाट केल्या. त्यावरून बोट फिरवून ताईंनी खात्री करून घेतली. मग म्हणाल्या, “उद्या महिन्याचा शेवटचा दिवस. तीन दिवसांची अट गेली, आता एकच. नऊ वाजता त्याला तुमच्या दुकानात बसवा आणि उठू देऊ नका.”

दिवेलागणीला भोंगा माझ्याकडे आला. डबी त्याच्या हातात होती. त्याचा अंगठा स्क्रूच्या जागेवरून फिरत होता.

“हे तू केलंस?”

“ताईंनी करायला लावलं.” आणि मी त्याला पेचकसाचं, स्क्रूंचं, सगळं सांगितलं. या वेळी आवाज चढवला नाही, कारण तो मधेच खाली बसला होता.

“म्हणजे टँकरपुढे तिला मीच नेलं,” तो म्हणाला.

खोटं बोलून धीर देणं मला जमत नाही. मी हो म्हणालो.

मग त्याने विचारलं, “नुसतं बाहेरून तपासलं तर?”

“नको.”

“ताई खोली घेणार नसेल तर मी पेचकसाला शिवणारही नाही. पण सकाळी नऊ वाजता मी काय करू, सांग. आठ वर्षं झाली. जाता-येता तेवढ्याच वेळात आम्ही बोलतो. घरी आली की ती दमलेली असते, आणि मला घरात बोलता येत नाही.”

एवढी वाक्यं तो माझ्याशी एका दमात कधीच बोलला नव्हता. मला वाईट वाटलं, इतकंच सांगतो.

सकाळी पावणेनऊला तो स्वतःच माझ्या स्टुलावर येऊन बसला. ताई जिना उतरल्या, पट्ट्याचं बटण दाबलं, काठी टेकवली आणि निघाल्या. मी काउंटरपाशी उभा होतो; तो बसल्या जागेवरून बघत होता. मैदानाच्या मध्यावर ताई थांबल्या. भोंगा ताडकन उठला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ताई नुसत्याच उभ्या होत्या. तोंड वर करून, दोन्ही हात काठीवर ठेवून, चांगली पाच मिनिटं. काही बिघडलं नव्हतं. मग त्या चालू लागल्या आणि एका उभ्या ट्रकमागे दिसेनाशा झाल्या. भोंगा बसला, पुन्हा उठला, पुन्हा बसला.

नऊ वीसला त्याचा फोन वाजला. त्याच्या फोनचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू आलं.

“पोचले,” ताई म्हणाल्या.

“बरं.”

“मालकांना सांगितलं, खोली दुसऱ्या कोणाला द्या.”

“बरं.” त्याचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला.

“आणि ऐक. उद्यापासून पोचले म्हणून फोन करणार नाही.”

या वेळी त्याला बरं म्हणायला वेळ लागला, पण म्हणाला. फोन खिशात ठेवून तो माझ्या टेबलाकडे बघत बसला. मग दाराकडे वळून म्हणाला, “संध्याकाळी येताना तरी, नुसतं मैदानाच्या कडेला...”

“नाही,” मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. मग स्टूल फिरवलं आणि मैदानाकडे पाठ करून बसला.